ट्यूबवर 50+, तपासणीत 4!

मोठमोठ्या कंपन्यांच्या गर्दीत एखादा छोटा ब्रँड नवं काही घेऊन उभा राहतो, तेव्हा त्याला साथ द्यावीशी वाटते. द्यावीच! पण गोष्ट सनस्क्रीनची असेल, तर आधी हे वाचा.

20 पैकी 16 नापास
ऑस्ट्रेलियात सनस्क्रीनवर औषधासारखं सरकारी नियंत्रण असतं. तरीही जून 2025 मध्ये 'चॉइस' या ग्राहक संघटनेने 20 सनस्क्रीन तपासली, तेव्हा 16 छापील एसपीएफपर्यंत, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाच्या आकड्यापर्यंत, पोहोचलीच नाहीत. सर्वांत मोठा धक्का दिला मेलबर्नच्या 'अल्ट्रा व्हायोलेट' या स्वतंत्र ब्रँडच्या 'लीन स्क्रीन'ने. ट्यूबवर 50+, निकाल 4!

एकच क्रीम, आठ निकाल
कंपनीने आधी हे निकाल फेटाळले. मग वेगवेगळ्या प्रयोगशाळांतून आलेले आठ आकडे ऑगस्टमध्ये तिनेच जाहीर केले : 4, 10, 21, 26, 33, 60, 61, 64. त्याच वेळी क्रीम बाजारातून काढून घेतलं आणि ग्राहकांना पैसे परत देऊ केले.

ब्रँड अनेक, मूळ मिश्रण एकच
बरेचसे छोटे ब्रँड सनस्क्रीन स्वतः बनवत नाहीत, कंत्राटी कारखान्याकडून बनवून घेतात. त्यामुळे एका मिश्रणात खोट निघाली की अनेक नावं अडचणीत येतात. 'लीन स्क्रीन'चं मूळ मिश्रण वापरणारी 21 उत्पादनं ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने सप्टेंबर 2025 मध्ये जाहीर केली.

नाव मोठं म्हणून खात्री नाही
कर्करोगाविरुद्ध काम करणाऱ्या 'कॅन्सर कौन्सिल'चं मुलांसाठीचं एक सनस्क्रीन 'चॉइस'च्या चाचणीत 52 एसपीएफसह पास झालं, पण त्याच नावाची इतर काही नापास ठरली. म्हणून पारख नावाची नको, हातातल्या ट्यूबची करा.

कोरियातही तेच
2020 मध्ये 'प्युरिटो' या कोरियन ब्रँडचं लाडकं 50+ सनस्क्रीन युरोपातल्या प्रयोगशाळांत तपासलं गेलं. एसपीएफ भरला जेमतेम 19 च्या आसपास. विक्री थांबवावी लागली.

आकड्यांची गंमत
एसपीएफ 15 सूर्याची सुमारे 93 टक्के यूव्हीबी (त्वचा भाजणारी अतिनील) किरणं अडवतो, 30 सुमारे 97 आणि 50 सुमारे 98. म्हणजे 30 आणि 50 मध्ये फरक एका टक्क्याचा! पण चाचणीत त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम क्रीम लावतात. आपण लावतो त्याहून खूप कमी, म्हणून संरक्षणही कमीच मिळतं. चेहरा आणि मान यांसाठी दोन बोटांवर मावेल इतकं घ्या.

'पीए'कडेही बघा
एसपीएफ मुख्यतः यूव्हीबीबद्दल सांगतो. त्वचा काळवंडवणाऱ्या आणि अकाली सुरकुत्या आणणाऱ्या यूव्हीएसाठी जपानने 1996 मध्ये 'पीए' पद्धत आणली. अधिकची चिन्हं जितकी जास्त, तितकं संरक्षण जास्त.

आपल्याकडे?
भारतात सनस्क्रीन सौंदर्यप्रसाधनांत मोडतं. एप्रिल 2025 मध्ये 'लॅक्मे'च्या एसपीएफविषयीच्या जाहिरातीवरून 'लॅक्मे'ची मालक हिंदुस्तान युनिलिव्हर आणि 'द डर्मा को'ची मालक 'होनासा' यांचा वाद थेट उच्च न्यायालयात गेला. एसपीएफ खरा की खोटा, हा प्रश्न त्यामुळे घराघरात पोहोचला.

मग साथ कुणाला द्यायची?
ब्रँडला तीन गोष्टी विचारा : एसपीएफ माणसांच्या त्वचेवर, मान्य पद्धतीने तपासला का? कोणत्या प्रयोगशाळेत? विक्रीला आलेल्या मालाची पुन्हा तपासणी होते का? ब्रँड छोटा असो वा मोठा, जो अहवाल दाखवतो आणि चूक निघाली तर माल परत घेतो, तो आपल्या पैशाला पात्र. जो उत्तर टाळतो, त्याची ट्यूब दुकानातच राहू द्या. प्रामाणिक छोट्या ब्रँडला खरा आधार मिळतो तो असे प्रश्न विचारून खरेदी करणाऱ्या ग्राहकाचाच. पुढची ट्यूब घेण्याआधी नक्की विचारा!