मोरी माझी, पाइप सगळ्यांचा

गिरगाव, दादर, परळ, लालबाग. जुन्या मुंबईतल्या कुठल्याही इमारतीच्या मागच्या बाजूला जा आणि वर पाहा. भिंतीलगत बिडाचा जुना काळा पाइप उतरलेला असतो. दुसऱ्या मजल्यावर त्याला पीव्हीसीचा करडा तुकडा जोडलेला, पहिल्या मजल्यावर सांध्याभोवती सिमेंटचा गोळा थापलेला आणि मधल्या एका सांध्यातून वीतभर पिंपळ वर आलेला. प्रत्येक मजल्याने आपापल्या सवडीने, आपापला प्लंबर बोलावून, आपल्यापुरतं काम उरकलेलं आहे. पाइप मात्र एकच आहे. तिसऱ्या मजल्याचं पाणी दुसऱ्याच्या आणि पहिल्याच्या भिंतीमागूनच खाली जातं.

जुन्या शहरातल्या घरदुरुस्तीत सर्वाधिक पैसा वाया जातो तो इथे. दुखणं उभ्या रांगेचं असतं आणि इलाज एका खोलीवर केला जातो. छताला ओल आली की खालचे वरच्यांना सांगतात, “काकू, तुमची मोरी गळतेय.” काकू मोरी फोडतात, वॉटरप्रूफिंग करून घेतात, नव्या लाद्या बसवतात. पुढच्या महिन्यात ओल जिथल्या तिथे. कारण पाणी मोरीतून येतच नव्हतं. ते भिंतीमागच्या फुटक्या सांध्यातून येत होतं. दोन घरांचे संबंध बिघडतात ते वेगळंच.

पाणी आधी, निचरा मागाहून

विहार तलावाचं पाणी नळाने मुंबईत आलं १८६० साली. तुळशी १८७९ मध्ये आणि तानसा १८९२ मध्ये जोडीला आले. आलेलं पाणी वापरून झाल्यावर ते जाणार कुठे, याची व्यवस्था मात्र बराच काळ रेंगाळली. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सुरू झाला, तेव्हा पालिकेने गटारं समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक आम्लाने धुऊन काढली. रोग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पुढे सिद्ध झालं, पण दाटीवाटीच्या वस्तीतल्या कुबट, ओल्या घरांकडे सरकारचं लक्ष गेलं ते प्लेगमुळेच. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती उभ्या राहिल्या.

त्या काळच्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला असे आणि खोलीत फक्त मोरी. दोन इमारतींच्या पाठींमधली अरुंद हाऊस गल्ली मैला उचलण्यासाठी आणि पाइप उतरवण्यासाठी होती. पुढे घरोघरी संडास आले, गीझर आले, वॉशिंग मशिन आली. स्वयंपाकाचा ओटा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेला. बाहेरचा पाइप होता तेवढाच राहिला.

ओटा हलवण्याची किंमत किती, हे फारसं कोणी मोजत नाही. चार इंची पाइपाला साधारण चाळीसास एक उतार लागतो, म्हणजे दहा फुटांना तीन इंच. तो मिळावा म्हणून जमीन उचलली जाते आणि खाली विटांच्या तुकड्यांचा कोबा भरला जातो. चार बाय चार फुटांच्या जागेत सहा इंच कोबा म्हणजे चारशे किलोच्या आसपास वजन. जुन्या इमारतीत हे वजन सागवानी तुळयांवर येतं. त्याच तुळयांची भिंतीत रुतलेली टोकं गळतीने भिजत असतात. लाकूड कोरडं असेल तर शंभर वर्षं टिकतं. सतत ओलं राहिलं की आतून कुजतं आणि बाहेरच्या रंगामुळे ते दिसतही नाही. म्हणूनच जुन्या घरातली गळती ही इमारतीच्या जिवाशी गाठ आहे, ती भिंतीच्या रंगापुरती नसते.

फोडण्याआधी ओळखा

हातोडी उचलण्याआधी ओल कधी वाढते ते आठवडाभर पाहा. ओल रात्रंदिवस सारखी असेल तर संशय दाबाच्या पाण्याच्या पाइपावर घ्यावा. घरातले सगळे नळ बंद करा. तरीही मीटर फिरत असेल, तर पाणी आत कुठेतरी चाललेलं आहे. आंघोळी आणि धुणीभांडी आटोपल्यावरच ओल वाढत असेल तर दोष निचऱ्याच्या पाइपात, नहाणी ट्रॅपमध्ये किंवा मोरीच्या तळात आहे. ट्रॅपचं तोंड बंद करून मोरीत रंगीत पाणी दिवसभर तुंबवून ठेवा. खालच्या छताला रंग उतरला तर मोरीच गळतेय. नाही उतरला, तर लाद्या फोडू नका, बाहेरच्या पाइपाकडे वळा. आणि ओल फक्त पावसाळ्यात येत असेल, तर बाहेरची भिंत किंवा गच्ची तपासायला हवी.

आवाज आणि वासही पुष्कळ सांगतात. वरच्यांनी फ्लश केल्यावर तुमच्या नहाणीत गुडगुडत असेल, तर हवेचा पाइप, म्हणजे व्हेंट, तुंबलेला असण्याची शक्यता मोठी. वरून पाणी जोरात उतरतं तेव्हा ते मागे हवा ओढतं. व्हेंटमधून हवा मिळाली नाही की ते तुमच्या ट्रॅपमधलं पाणी खेचून नेतं. गटाराची दुर्गंधी आणि झुरळं घरात येऊ नयेत म्हणून जेमतेम दोन-तीन इंच पाण्याचा जो पडदा ट्रॅपमध्ये असतो, तोच नाहीसा होतो. महिनाभर बंद असलेल्या घरात तो वाळूनही जातो. अशा घरात शिरल्यावर आधी प्रत्येक नहाणीत बादलीभर पाणी ओता.

तुंबल्यावर बाजारातलं रसायन ओतायची सवय सोडलेली बरी. कॉस्टिक सोडा जवळच्या वळणावरचा मळ सोडवतो, पण खालच्या मजल्यावरच्या बुचापर्यंत पोचत नाही. ॲसिड सिमेंटचे सांधे आणि बीड दोन्ही खातं. ॲसिडवर ब्लीचिंग पावडर पडली तर क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत तो जीवघेणा ठरू शकतो. इमारतीच्या आवारातली झाकणं उघडून पाहणं जास्त उपयोगाचं. वरचा चेंबर तुडुंब आणि त्याच्या खालचा कोरडा असेल, तर चोकअप या दोहोंच्या मधेच आहे. बांबूच्या कामट्या किंवा जेटिंगचं मशिन तिथेच लावायचं.

पाइप कसा मरतो

जीआय पाइपाच्या आतला जस्ताचा थर संपला की लोखंड गंजतं आणि गंजाचे खडबडीत थर आत वाढत जातात. जुन्या चाळीतला अर्धा इंची पाइप कापून पाहिला तर आतलं भोक पेन्सिल जाईल इतकंच उरलेलं दिसतं. नळाला धार नाही म्हणून लोक पंप बसवतात. पंप त्याच पाइपातून पाणी ओढतो आणि जिथे पाइप गटाराशेजारून गेला आहे, तिथल्या बारीक छिद्रातून घाणही आत ओढून घेतो. मुंबईत पाणी बहुतेक ठिकाणी ठरावीक तासच येतं. पुरवठा थांबल्यावर पाइपातला दाब उतरतो आणि तोच धोका पुन्हा उभा राहतो. हाऊस गल्लीतून गेलेला पाण्याचा पाइप गटारापासून दूर आणि जमिनीच्या वर घेणं हे म्हणून घरातल्या आजारपणाशी थेट जोडलेलं काम आहे.

बिडाचा पाइप बहुधा पाठीमागून फुटतो. भिंतीकडच्या बाजूला रंगाऱ्याचा ब्रश पोचत नाही, तिथे ओल साचते आणि उभी चीर जाते. समोरून पाइप धडधाकट दिसतो. पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेलं पिंपळाचं बी सांध्यातल्या ओलीवर रुजतं आणि त्याची मुळं सांधा उकलत आत शिरतात. वरचा पाला छाटून उपयोग नाही. मूळ काढून सांधा नव्याने भरावा लागतो. पूर्वी सांध्यात ताग ठासून त्यावर वितळलेलं शिसं ओतत आणि ते ठोकून बसवत. असे सांधे पिढ्यान्‌पिढ्या टिकले. आज बिडाला प्लॅस्टिकचा तुकडा जोडून वर सिमेंट थापतात. दहा फुटी पीव्हीसी पाइप वीस अंशांनी तापला तर सुमारे चार मिलिमीटर वाढतो आणि तेवढाच बिडाचा पाइप एक मिलिमीटरही वाढत नाही. या ओढाताणीत सिमेंट तडकणारच. तिथे रबरी रिंगचा किंवा पट्ट्यांनी आवळायचा लवचीक सांधाच हवा. त्याहून चांगलं म्हणजे ती उभी रांग गच्चीपासून चेंबरपर्यंत एकदाच बदलणं. परांची एकदाच बांधावी लागते आणि परांचीचा खर्चच मोठा असतो.

पैसे कोणी द्यायचे

गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरचे सामाईक पाइप आणि निचऱ्याची लाइन ही संस्थेची जबाबदारी आहे. घराच्या आतलं काम सभासदाचं. भाड्याच्या इमारतीत महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार इमारत दुरुस्त ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. लेखी नोटिशीनंतर पंधरा दिवसांत त्याने काम केलं नाही, तर भाडेकरू ते करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करू शकतात, पण वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापर्यंतच. दोनशे रुपये महिना भाडं असेल तर ही रक्कम वर्षाला सहाशे होते. एकट्याला त्यात काहीच करता येत नाही. कायदा मात्र भाडेकरूंना ही नोटीस एकत्रितपणे देण्याची मुभा देतो आणि ती वापरायला हवी. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतींना म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे जाता येतं. तीस वर्षांहून जुन्या इमारतींना पालिका कायद्याच्या कलम ३५३-ब नुसार संरचनात्मक तपासणी करावीच लागते. ती करणाऱ्या अभियंत्याला मोऱ्यांखालच्या तुळया आवर्जून दाखवा.

एका बाबतीत मात्र पैशाचा विचार मधे येताच कामा नये. चेंबर किंवा सेप्टिक टँकमध्ये सुरक्षासाधनांशिवाय माणूस उतरवणं हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. असा मृत्यू झाल्यास कुटुंबाला तीस लाख रुपये द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं. गटारातला हायड्रोजन सल्फाइड वायू जास्त प्रमाणात असला की आधी माणसाची वास घेण्याची शक्तीच मारतो, त्यामुळे आत उतरलेल्याला धोका कळतही नाही. यंत्राने होत नसेल तर काम थांबवा, पालिकेच्या वॉर्ड कार्यालयाला कळवा. आपल्या मोरीसाठी कुणाचा जीव पणाला लावण्याचा हक्क आपल्याला नाही.

सुरुवात फार सोपी आहे आणि तिला खर्चही थोडा. अनुभवी प्लंबरला सोबत घेऊन प्रत्येक मजल्यावर फिरा आणि कागदावर इमारतीच्या उभ्या रांगा काढा. कुठल्या रांगेत कोणाच्या मोऱ्या, पाइप किती इंची, कशाचा, कधी बदलला, स्टॉपकॉक आणि चेंबर कुठे, हे त्यावर लिहा. कागद संस्थेच्या फाइलमध्ये ठेवा, एक प्रत जिन्यात लावा. यापुढे कोणाच्याही घरात मोरी फोडायची झाली, तर त्या रांगेतल्या सगळ्यांनी आधी त्या कागदाभोवती जमावं, मगच कारागिराला बोलवावं.