पुसायचे की जपायचे? सायबर कॅफेच्या सॉफ्टवेअरचा मागोवा

नोव्हेंबर १९९८ मध्ये केंद्र सरकारने इंटरनेट सेवा खासगी कंपन्यांना खुली केली आणि विदेश संचार निगमची मक्तेदारी संपली. पुढच्या काही वर्षांत मुंबई-पुण्यातच नव्हे, तालुक्याच्या गावीही सायबर कॅफेच्या पाट्या लागल्या. झेरॉक्स आणि एसटीडी बूथवाल्यांनी मागच्या जागेत चार-सहा मशीन मांडली. ती चालवायला सॉफ्टवेअर कोणते घ्यायचे, हा प्रश्न मात्र एकदा सुटून संपला नाही.

आधी सगळा कारभार वहीवर होता. मशीन नंबर, बसल्याची वेळ, उठल्याची वेळ. डायल-अपचे तास आगाऊ विकत घेतलेले आणि टेलिफोनचे कॉल वेगळे, त्यामुळे गिऱ्हाइकाने बुडवलेली दहा मिनिटेही मालकाला लागायची. विंडोज ९८ वर पहारा बसवणे अवघड होते. लॉगिनची खिडकी एस्केप दाबून ओलांडता यायची आणि साधा टायमर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून बंद पाडता यायचा. कॉलेजच्या पोरांना हे मालकाच्या आधी कळायचे.

मग काउंटरवर सर्व्हर आणि प्रत्येक मशीनवर क्लायंट अशी जोडी आली. वेळ संपली की स्क्रीन लॉक. सायबरकॅफेप्रो, पोलंडचे कॅफेसूट, सर्बियाचे अँटामीडिया ही नावे कॅफेवाल्यांच्या तोंडी होती. तुर्कस्तानचे हँडीकॅफे जाहिरातींवर चालायचे आणि फुकट मिळायचे, म्हणून ते झपाट्याने पसरले. मुंबईच्या आयडियाक्ट्स कंपनीचे क्लिंकही याच वाटेने आले. निवड करताना चकचकीत रिपोर्टपेक्षा साध्या गोष्टी महत्त्वाच्या ठरायच्या. अर्ध्या तासाचा वेगळा दर लावता येतो का? प्रिंटआउट बिलात आपोआप धरली जाते का? आणि भारनियमनाच्या दिवसांतला सगळ्यात कळीचा प्रश्न म्हणजे, लाइट जाऊन आल्यावर गिऱ्हाइकाची उरलेली मिनिटे शाबूत राहतात का?

या सॉफ्टवेअरने पैसे सांभाळले, मशीन सांभाळले नाही. पेनड्राइव्ह आले तसा 'न्यू फोल्डर' नावाचा खोटा फोल्डर मशीनमागून मशीन बाधत गेला. पुण्याच्या क्विक हीलसारखे अँटिव्हायरस होते, तरी फॉरमॅट मारण्याचे काम सुटत नव्हते. त्याहून गंभीर गोष्ट गिऱ्हाइकाच्या वाट्याला यायची. आधीच्या माणसाचा याहू मेल उघडाच राहिलेला असे, आणि गुपचूप बसवलेला कीलॉगर पुढच्याचा पासवर्ड टिपून घेई. बँकांनी लॉगिन पानावर माउसने चालवायचा कीबोर्ड दिला तो या धास्तीनेच.

यावर खरा उतारा होता तो डिस्क गोठवण्याचा. कॅनडाच्या फॅरॉनिक्सचे डीप फ्रीझ बसवले की मशीन रीस्टार्ट होताच विषाणू, कीलॉगर, उरलेली फाइल, सगळे जाऊन डिस्क मूळ स्थितीत यायची. मायक्रोसॉफ्टनेही एक्सपीसाठी स्टेडीस्टेट हे असेच साधन फुकट दिले. ते विंडोज ७ साठी आलेच नाही आणि डिसेंबर २०१० अखेर त्याचे वाटप थांबले. मराठी कॅफेवाल्याला मात्र गोठवण्याआधी एक काम न विसरता करावे लागे. एक्सपीमध्ये देवनागरी नीट दिसण्यासाठी रिजनल सेटिंगमध्ये खूण करून विंडोजची सीडी घालावी लागायची. शिवाय मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांचे फाँट वेगवेगळे. ते आधी बसवायचे राहून गेले, तर गिऱ्हाइकाने उतरवून घेतलेला फाँट रीस्टार्टनंतर गायब आणि पुन्हा समोर चौकोनांची रांग.

कॅफे चालवायला घेतलेल्या सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्क गोठवणाऱ्या साधनाचे मोल सर्वांत मोठे. मालकाचे मशीन आणि गिऱ्हाइकाची खासगी बाब, दोन्ही एकाच वेळी राखणारे दुसरे काही त्या काउंटरवर नव्हते.

पण सरकारला हवे होते नेमके उलटे. अल्पवयीन मुलांना अश्लील मजकुरापासून वाचवण्याचे उपाय सुचवण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २००१ मध्ये समिती नेमली होती. तिच्या जानेवारी २००२ च्या अहवालात गिऱ्हाइकाचे ओळखपत्र पाहण्याची आणि नोंदी ठेवण्याची शिफारस होती. २००७ मध्ये मुंबईच्या शेकडो कॅफेंमध्ये कळफलकावर दाबलेली प्रत्येक कळ टिपणारे सॉफ्टवेअर बसवण्याची पोलिसांची योजना वर्तमानपत्रांत गाजली. त्यामागची दहशतवादाची भीती खरी होती. तरीही ज्या कीलॉगरपासून गिऱ्हाइकाला वाचवायचे, तोच सक्तीने बसवायचा, हे कोणत्याही कसोटीवर न टिकणारे होते.

अखेर ११ एप्रिल २०११ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली सायबर कॅफेचे नियम आले. ओळखपत्राशिवाय प्रवेश नाही, केबिनची भिंत साडेचार फुटांपेक्षा उंच नाही, उघड्या मशीनचा स्क्रीन बाहेरच्या बाजूला. पाहिलेल्या संकेतस्थळांची नोंद वर्षभर ठेवायची आणि रजिस्टरचा गोषवारा पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत द्यायचा. डिस्क गोठवलेल्या कॅफेत रीस्टार्टबरोबर हिस्टरीही जायची. म्हणजे नोंद काउंटरच्या सर्व्हरवर किंवा प्रॉक्सीवर घ्यावी लागणार, आणि वेबकॅमने फोटो काढून ओळखपत्रासह साठवणारे सॉफ्टवेअर घेणेही सोयीचे. आठ मशीनच्या धंद्याला हा खर्च जड होता. तासाचा दर तोवर कितीतरी खाली आला होता.

एप्रिल २०१४ मध्ये एक्सपीचे अपडेट थांबले, ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आले, आणि तासावर बसणारे गिऱ्हाईक मोबाइलवर गेले. टिकलेल्या दुकानांत आज अकरावीचे प्रवेश, उत्पन्नाचे दाखले, भरतीचे अर्ज भरले जातात. मशीनवर दुकानदार बसतो, गिऱ्हाईक शेजारी कागद धरून उभे. मिनिटे मोजायची गरजच उरली नाही, म्हणून क्लायंट-सर्व्हर गेले आणि त्यांच्यासोबत डिस्क गोठवण्याची सवयही गेली. आधार, पॅन, जातीचा दाखला, बँकेचे पासबुक अशा पीडीएफ फाइली मात्र डाउनलोड्समध्ये साचत राहतात. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या एका पत्रकात सार्वजनिक संगणकावर ई-आधार उतरवू नये आणि उतरवलेच तर त्याच्या सर्व प्रती कायमच्या पुसाव्यात, असे सांगितले होते. त्या पत्रकाचा चुकीचा अर्थ लावला जाण्याची शक्यता असल्याचे कारण देऊन सरकारने ते दोन दिवसांत मागे घेतले.