गाडी सुरू होतेय, पण पुढच्या स्फोटात वाचवेल का?

मोबाइल हातातून पडला की आपण आधी काय बघतो? स्क्रीन. काच शाबूत आहे, टच चालतोय, कॉल लागतोय, म्हणजे वाचलो! पण पाणी आत जाऊ नये म्हणून फोनच्या कडेने जो चिकट थर असतो, तो कुठे सुटलाय का हे बाहेरून कळत नाही. फोन चालू आहे, पण 'आयपी६८'चं संरक्षण उरलंय की नाही हे पाण्यात पडल्यावरच कळणार.

आता हाच प्रश्न बारा-पंधरा टनांच्या लष्करी गाडीला लावून बघा. खाली सुरुंग फुटला, आतले सैनिक बचावले, इंजिनही सुरू होतंय. ही गाडी उद्या पुन्हा त्याच रस्त्यावर पाठवायची का?

संरक्षण एकदाच खर्च होतं

इराकमध्ये रस्त्यात पेरलेल्या बॉम्बमुळे अमेरिकी सैनिक मोठ्या संख्येने मरत होते. म्हणून २००७ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी 'एमरॅप' गाड्यांना सर्वोच्च प्राधान्य दिलं. या गाड्यांचा तळ सपाट नसतो, इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा असतो. त्यामुळे स्फोटाचा जोर दोन्ही बाजूंना वळतो. ही कल्पना १९७०च्या दशकात दक्षिण आफ्रिका आणि ऱ्होडेशियात वापरात आली होती. आज आपल्याकडे पुण्याच्या भारत फोर्जची 'कल्याणी एम४' याच वर्गातली.

अशा गाड्यांसाठी नाटोचं 'स्टॅनाग ४५६९' हे मानक आहे. त्यात लेव्हल २ म्हणजे चाकाखाली किंवा पोटाखाली ६ किलो टीएनटी, लेव्हल ३ म्हणजे ८ किलो आणि लेव्हल ४ म्हणजे १० किलो. पण ही हमी धडधाकट गाडीची आहे, एक स्फोट पचवलेल्या गाडीची नाही.

कारण सोपं आहे. पोलाद थोडं वाकलं तर स्प्रिंगसारखं परत येतं. मर्यादेपलीकडे वाकलं की कायमचं ताणलं जातं, आणि ताणायची जेवढी ताकद वापरली तेवढी कमी उरते. सीटखालचे धक्का शोषणारे भाग तर बहुतेक वेळा एकदाच वापरायचे असतात. बाइकच्या हेल्मेटचंही हेच आहे. आतला थर्माकोलसारखा थर एकदा दबला की बाहेरून हेल्मेट चकाचक दिसलं तरी त्याचं काम संपलेलं असतं.

मैदानात शोधायचं कसं?

पहिली अट म्हणजे बॉम्बशोधक पथकाने जागा सुरक्षित आहे असं सांगितल्याशिवाय कोणी गाडीला हात लावायचा नाही. इंधन गळतंय का तेही बघायचं. मग खरी तपासणी सुरू होते.

डोळे आणि मोजपट्टी: रंग तडकलाय का? दार नीट लागतंय का? समोरासमोरच्या कोपऱ्यांमधली तिरकी अंतरं सारखी आहेत का? बुलेटप्रूफ काचेत दुधाळ डाग दिसले, तर आतले थर सुटलेत. नट आणि बोल्टवरून मिळून रंगाची एक रेघ ओढलेली असते. ती तुटलेली दिसली की बोल्ट हलला.

कान: माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तसंच. संमिश्र पदार्थांच्या पत्र्यावर नाण्याने टकटक करतात. थर सुटले असतील तिथे आवाज बद्द येतो.

लाल रंग: वेल्डिंगच्या शेजारची पट्टी उष्णतेने मऊ झालेली असते, म्हणून चिरा अनेकदा तिथेच पडतात. त्या केसाएवढ्या बारीक असतात. आधी तिथला पेंट काढून जागा साफ करतात आणि लाल द्रव फवारतात. काही मिनिटं थांबून तो पुसतात आणि वर पांढरी पावडर मारतात. चीर असेल तर आत मुरलेला लाल रंग वर येतो आणि रेघ उमटते. यासाठी तीन स्प्रे आणि फडकं पुरतं, वीज लागत नाही.

चुंबक: पोलादाला चुंबक लावून लोखंडाची बारीक पूड टाकली, की चीर असेल तिथे पूड गोळा होते. अॅल्युमिनियमवर मात्र हे चालत नाही.

अल्ट्रासाउंड: हॉस्पिटलमधल्या सोनोग्राफीसारखंच, जेलसकट. आतली पोकळी आणि पत्र्याची जाडी कळते.

सेन्सर लावला की झालं?

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे माझ्याही डोक्यात आधी हेच आलं. फोनमधला अॅक्सेलरोमीटर साधारण १६ 'जी'पर्यंत मोजतो. स्फोटात तळाच्या पत्र्याला बसणारा हिसका शेकडो-हजारो 'जी'चा असतो, म्हणून वेगळा, दणकट सेन्सर लागतो. तोसुद्धा धक्का किती बसला एवढंच सांगतो. चीर कुठे पडली, ते नाही.

मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती स्फोटाआधीची नोंद. कोडमध्ये काय बदललं ते शोधायला आम्ही जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवतो. इथेही तेच. तळ चार मिलिमीटर वाकलाय, हे कळायला तो आधी कुठे होता ते माहीत हवं. गाडी नवी असताना घेतलेली मापं, फोटो, स्कॅन हे सगळं कागदी काम वाटतं, पण स्फोटानंतर तुलनेला तेवढंच हाताशी असतं.

शेवटी निर्णय माणसाचाच

मैदानातल्या मेकॅनिकसमोर तीन पर्याय असतात: गाडी कामावर पाठवायची, जपून वर्कशॉपपर्यंत न्यायची, किंवा ओढून मागे धाडायची. अमेरिकी लष्करात रणांगणातली दुरुस्ती तात्पुरतीच धरतात. संधी मिळताच पक्की दुरुस्ती करायचा नियम आहे. मोठी कामं टेक्ससमधल्या रेड रिव्हरसारख्या डेपोत होतात.

यात दोन्हीकडून किंमत आहे. चांगली गाडी उगाच अडवली, तर कोणीतरी कमी संरक्षणाच्या गाडीतून जाईल. खराब गाडी सोडली, तर आत बसणाऱ्यांना ते पुढच्या सुरुंगावरच कळेल. 'चालतेय ना, मग ठीक आहे' हे वाक्य म्हणूनच तिथे चालत नाही. गाडी चालते का, हे इंजिन सांगतं. ती वाचवेल का, हे तपासणीच सांगते.