बाळ दचकलं, म्हणजे त्याला ऐकू येतंच असं नाही

जन्मतः ऐकू न येणारं बाळही रडतं, हसतं आणि पहिले काही महिने इतर बाळांसारखेच 'आऽऽ', 'ऊऽऽ' असे आवाज काढतं. त्यामुळे घरात कुणाला शंका येत नाही. एखाद्या आजीला आलीच, तर पाळण्यामागे थाळी वाजवून पाहिली जाते. बाळ दचकतं आणि सगळे निर्धास्त होतात. पण थाळीचा हादरा पाळण्यालाही जाणवतो, वाजवणाऱ्याची सावली हलते. बाळ त्यानेही दचकू शकतं. शिवाय कमी ऐकू येणाऱ्या बाळाला थाळी ऐकू जाते, आईचं बोलणं मात्र पोचत नाही.

खरी तपासणी याहून सोपी आहे. निरोगी कानाला आवाज ऐकवला, की आतल्या कानातून अतिशय क्षीण ध्वनी परत येतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ डेव्हिड केम्प यांनी हे १९७८ मध्ये दाखवून दिलं. 'ओएई' चाचणी याच तत्त्वावर चालते. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटं बोंड ठेवायचं, काही मिनिटांत काम होतं. सुई नाही, भूल नाही. पहिल्या दिवसांत कानात पाणी असल्याने ती कधी कधी चुकते, म्हणून पुन्हा करतात. तरीही शंका राहिली तर 'बेरा' करतात. अपुऱ्या दिवसांच्या किंवा तीव्र कावीळ झालेल्या बाळांना 'बेरा' लागतेच, कारण त्यांच्यात दोष कानापुढच्या नसेतही असू शकतो.

पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र आणि वाचा-उपचार, असं वेळापत्रक जगभर मानलं जातं. आपल्याकडे ते 'याचा बापही उशिराच बोलला' या वाक्यापाशी अडतं. भाषा कानातून मेंदूत उतरते आणि त्याचा सर्वांत मोलाचा काळ पहिली तीन वर्षं. जन्मतः बहिऱ्या मुलावर सहा-सात वर्षांचं झाल्यावर कॉक्लिअर इम्प्लांट केलं, तर आवाज कानी पडतो, पण स्पष्ट बोलणं येणं फार अवघड जातं.

शाळेत 'लक्ष देत नाही' म्हणून ओरडा खाणाऱ्या मुलाचे कानही एकदा तपासावेत. सर्दीनंतर पडद्यामागे साचलेलं पाणी किंवा वाहणारा कान हे नेहमीचं कारण, आणि बहुधा बरं होणारं. वाहत्या कानात गरम तेल मात्र घालू नये.

यंत्रमागाच्या खडखडाटात वर्षं काढलेल्या कामगाराचं नुकसान भरून येत नाही. आतल्या कानातल्या पेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. इअरप्लग स्वस्त असतात, पण वापरतो कोण?

उतारवयात आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज, म्हणजे स, श, फ यांसारखी व्यंजनं. स्वर ऐकू येतात. म्हणून आजोबा म्हणतात, 'ऐकू येतं रे, कळत नाही.' ओरडून बोलल्याने स्वरच मोठे होतात, शब्द उलट गढूळ होतो. समोर बसून, तोंड दिसेल असं, जरा सावकाश बोललं तर काम होतं. श्रवणयंत्र लावल्यावर सुरुवातीला भांडी, पंखा, नळ सगळंच अंगावर येतं आणि यंत्र दोन दिवसांत डबीत जातं. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात. तोवर रोज थोडा वेळ शांत खोलीत यंत्र लावावं आणि एक-दोनदा जाऊन त्याची जुळणी करून घ्यावी.