आयसी बदलला, आवाज आला: उपाधीविषयी थोडेसे

मागच्या व्याख्यानात आपण हेत्वाभास पाहिले. डोंगरावर धूर, म्हणून तिथे अग्नी, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. तेव्हा आज डोंगर उतरून टेबलाशी येऊ. उदाहरण घेऊ घरी जोडलेल्या ॲम्प्लिफायरच्या किटचे. एलएम३८८६ हा आयसी, २४-०-२४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, दोन मोठे कपॅसिटर, मूठभर रेझिस्टर. सगळे जोडून झाले, बटण दाबले, आणि स्पीकरमधून चकार शब्द नाही. अशा वेळी तोंडून निघणारे पहिले वाक्य ठरलेले असते: ‘आयसी उडाला.’

हे अनुमान नीट मांडून पाहू. पक्ष हा आयसी, साध्य त्याचे जळणे, हेतू आवाजाचा अभाव. हा हेतू सव्यभिचारी आहे, कारण आयसी धडधाकट असतानाही आवाजाचा अभाव संभवतो. या आयसीची आठवी पिन म्यूटची. तिच्यातून उणे पुरवठ्याकडे निदान अर्धा मिलिअँपिअर प्रवाह गेला, तरच आयसी बोलतो. नाहीतर गप्प बसतो. त्या वाटेवरचा एक रेझिस्टर बसवायचा राहिला, की झाले मौन सुरू! हा आयसीचा दोष नव्हे, स्वभाव आहे.

पण खरी गंमत पुढे आहे. माणूस बाजारात जातो, नवा आयसी आणतो, बसवतो, आणि गाणे सुरू होते. आता तर सिद्धच झाले ना? आयसी बदलला, आवाज आला, म्हणजे आयसीच खराब होता. नैयायिक इथे हात वर करतो आणि विचारतो, उपाधी तपासलीत का?

उपाधीचे जुने उदाहरण ओल्या इंधनाचे. जिथे अग्नी तिथे धूर असतोच असे नाही. लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर निघतो तो अग्नीला ओल्या लाकडाची संगत मिळाली म्हणून. ही संगत लपून राहते आणि श्रेय मात्र अग्नीला मिळते. आमच्या किटमधले ओले लाकूड कोणते? सोल्डर. या आयसीला ११ पिना. तो बदलताना अकराही जागी नवे सोल्डर पडले. आधीचा एखादा टाका वरून चकचकीत नसेल, आतून सुटा असेल, तर तो या गडबडीत आपोआप दुरुस्त झाला. म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या, आणि निकाल लावला एकीच्या नावावर.

शहानिशा करायची तर जुना आयसी परत बसवून पाहावा. तो वाजला तर तो निर्दोष. पण हे कुणी करत नाही, आणि आम्हीही तसा आग्रह धरणार नाही, कारण ११ पिना वारंवार काढल्या-घातल्या की बोर्डावरची तांब्याची पट्टी उखडते. म्हणून क्रमच उलटा करावा. आयसी काढण्याआधी सगळे टाके पुन्हा गरम करून घ्या, आणि मग वाजवून पाहा. एका वेळी एकच बदल.

याची दुसरी बाजू व्यतिरेकाची. फ्यूज जातो, आयसी बदलला तरी जातो. कारण बदलले तरी कार्य तसेच, म्हणजे ते कारणच नव्हे. इथे बहुधा दोषी असते अभ्रकाची पातळ चकती, म्हणजे तिची गैरहजेरी. या आयसीच्या साध्या प्रकारात धातूची पाठ उणे पुरवठ्याला जोडलेली असते. चकती आणि स्क्रूची प्लास्टिकची टोपी न घालता तो हीट सिंकवर कसला, आणि हीट सिंक पेटीला टेकली, की उणे पुरवठा थेट ग्राउंडला. वीज बंद करून, कपॅसिटर रिकामे करून, मल्टीमीटर हीट सिंक आणि आयसीच्या चौथ्या पिनेवर लावा. बीप वाजता कामा नये. कपॅसिटर रिकामे करायचे ते शे-दोनशे ओहमच्या, पाच वॅटच्या रेझिस्टरने. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडायची हौस नको.

पहिल्यांदा चालू करताना २३० व्होल्टच्या वाटेत ६० वॅटचा एक बल्ब सिरीजमध्ये घालावा. तारेचा बल्ब हवा, एलईडी इथे चालत नाही. आत काहीही शॉर्ट असले तरी पाव अँपिअरच्या फार वर प्रवाह जाऊ शकत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर ताबडतोब बंद करा. ही उघडी वीज आहे, एकट्याने रात्री उशिरा करायचे काम नव्हे.

स्पीकर जोडण्याआधी, इनपुट शॉर्ट करून, आउटपुटवर डीसी मोजा. काही दहा मिलिव्होल्ट चालतील, काही व्होल्ट नाही. आठ ओहमच्या स्पीकरवर २० व्होल्ट डीसी म्हणजे ५० वॅट नुसती उष्णता, त्यात सूर एकही नाही. व्हॉइस कॉइल जळायला एवढे पुरते.

राहिली घरघर. इनपुट शॉर्ट केल्यावर ती थांबली तर ती बाहेरून, केबलमधून येत होती; चालूच राहिली तर आतली. आतली असेल तर कान द्या. ट्रान्सफॉर्मरच्या शेजारून गेलेल्या तारेची घरघर ५० हर्ट्झची, ब्रिजनंतरच्या पुरवठ्याची १०० हर्ट्झची. बरोबर एका सप्तकाचे अंतर. तानपुऱ्यावर बसलेल्यांना हा फरक सांगावा लागत नाही. मात्र लहान स्पीकर ५० हर्ट्झ धड वाजवत नाही, तेव्हा ही परीक्षा मोठ्या स्पीकरवर घ्यावी. खालचा सूर असेल तर इनपुटची तार ट्रान्सफॉर्मरपासून दूर सरकवून पाहा. वरचा असेल तर कपॅसिटरच्या ग्राउंडचे टाके आणि ग्राउंडच्या तारा कुठे एकत्र येतात ते तपासा.