काळ्या पाण्यावरची पर्णकुटी

गेल्या मार्गशीर्षात आमच्या धाकट्या चिरंजिवांचे शुभमंगल झाले. सत्यनारायण आटोपला, पाहुणे मंडळी आपापल्या गावी परतली, आणि चौथ्या दिवशी रात्रीच्या पंक्तीस चिरंजिवांनी हळूच विषय काढला. उभयतांनी आठ दिवस अंदमानास जावे आणि त्यांपैकी चार दिवस हॅवलॉक बेटावर समुद्रकाठच्या एका कुटीत राहावे, असा त्यांचा बेत होता. 'कुटी' हा शब्द ऐकून आम्हां संस्कृताच्या माणसास प्रथम बरे वाटले. परंतु त्या कुटीचे एका रात्रीचे भाडे कानी पडले तेव्हा हातातला घास हातातच राहिला. शिक्षकाच्या नोकरीत आम्हांस पहिल्या वर्षी जो पगार मिळाला होता, त्या सबंध वर्षाच्या पगाराहून ती रक्कम अधिक होती!

आमचे कुटुंब एकत्र आहे. नारायण पेठेतील जुन्या वाड्याच्या जागी आता चार मजली इमारत उभी आहे. पण दादांचे व आमचे स्वयंपाकघर अजून एकच. तेव्हा असा प्रश्न एकट्या बापाने सोडवावयाचा नसतो. दादा म्हणाले, "तात्यारावांनी जेथे कोलू ओढला, तेथे मौजेस जावयाचे?" वहिनींचा आक्षेप निराळा होता. त्यांच्या लग्नानंतर गुहागरास व्याडेश्वराच्या दर्शनास एस. टी.ने जी मंडळी गेली ती मोजून अकरा होती, आणि नवरानवरीच्या मध्ये सासूबाई व फराळाचा डबा अशी बसण्याची व्यवस्था होती. "आमचे काही अडले का?" हा त्यांचा सवाल. आमच्या सौभाग्यवती काहीच बोलल्या नाहीत. त्यांचे ते न बोलणे आमच्या ध्यानी आले, पण त्याचा अर्थ त्या वेळी उमगला नाही.

ज्या स्थळाविषयी वाद, ते स्थळ कसे आहे हे वाचकांस आधी सांगितले पाहिजे. २०१९ साली पुण्याहून निघालेल्या एका यात्रामंडळीबरोबर आम्ही सपत्नीक अंदमानास गेलो होतो. पोर्ट ब्लेअर, ज्यास २०२४ पासून श्रीविजयपुरम् म्हणतात, तेथून ईशान्येस सुमारे चाळीस किलोमीटरांवर हे बेट आहे. बोटीने तेथे पोहोचावयास दीड ते अडीच तास लागतात. ज्या इंग्रज सेनापतीने १८५७ च्या जुलैत नानासाहेब पेशव्यांच्या फौजेचा पराभव करून कानपूर घेतले, त्या हॅवलॉकचे नाव या बेटास होते. पुणेकरांस ते नाव गोड वाटण्याचे कारणच नाही. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी पोर्ट ब्लेअर येथे तिरंगा फडकविला. त्यास पंचाहत्तर वर्षे झाली त्या दिवशी, म्हणजे ३० डिसेंबर २०१८ रोजी, या बेटाचे 'स्वराज द्वीप' असे नामांतर झाले.

फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांस येथे जमिनी देऊन वसविण्यात आले. घरदार गमावून आलेल्या या माणसांनी जंगल तोडून भात पिकविला, सुपारी लावली, आणि आपल्या वस्त्यांस नावे दिली ती गोविंदनगर, कृष्णनगर, श्यामनगर, राधानगर! शेजारच्या लहान बेटावर पाहावे तर सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर आहेत. अशा रीतीने एका बेटावर गोकुळ व दुसऱ्यावर अयोध्या नांदत आहे. राधानगरच्या पश्चिमाभिमुख किनाऱ्यास 'टाइम' या अमेरिकन साप्ताहिकाने २००४ साली आशियातील सर्वोत्तम किनारा म्हटले, आणि तेव्हापासून नवविवाहितांची रीघ वाढली.

या किनाऱ्यांवरील झाडीत त्या कुट्या आहेत. लाकडी खांबांवर उचललेली जमीन, वर शाकारलेले छप्पर, पलंगावर मच्छरदाणी, पुढे लहानसा सोपा, आणि सागरी महुआच्या उंच खोडांमधून दिसणारे निळे-हिरवे पाणी. बाहेरून पाहता पंचवटीतील पर्णशाळाच वाटावी. आत मात्र वातानुकूलन, ऊन पाण्याची न्हाणी आणि घंटा दाबताच हजर होणारा वाढपी. लक्ष्मणाने बांधलेल्या पर्णकुटीत एवढी सोय नव्हती. दोन कुट्यांमध्ये झाडी अशी राखतात की एकीतून दुसरी दिसू नये. गिऱ्हाईक जे मोल देते ते मुख्यतः या न दिसण्याचे असते.

मावळतीची एक गंमत आम्हां मास्तरांस फार आवडली. आपले पुणे सुमारे चौऱ्याहत्तराव्या रेखांशावर व हे बेट त्र्याण्णवाव्यावर. अंशास चार मिनिटे या हिशेबाने सूर्य तेथे सव्वा तास आधी मावळावयाचा. घड्याळ मात्र दोहोंकडे एकच. त्यामुळे डिसेंबरात सायंकाळी पाच वाजताच तेथे दिवेलागण होते, आणि रात्र फार मोठी वाटते.

आता दादांच्या आक्षेपाकडे वळू. तो फेटाळून लावण्यासारखा नव्हता. पोर्ट ब्लेअरचा सेल्युलर तुरुंग १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत बांधला गेला. मधल्या मनोऱ्यापासून सात इमारती चाकाच्या आऱ्यांप्रमाणे निघत. त्यांपैकी आज तीन उरल्या आहेत. एका इमारतीचा दर्शनी भाग दुसरीच्या पाठीकडे येईल अशी ती रचना होती, म्हणजे एका बंद्यास दुसऱ्याचे तोंडही दिसू नये. एका कोठडीत एक माणूस, यावरूनच तुरुंगास ते नाव मिळाले. न दिसण्याची जी युक्ती कुटीवाल्यांनी सुखासाठी योजिली आहे, तीच तेथे यातनेसाठी योजिली होती. १९११ च्या जुलैत तात्याराव सावरकर पन्नास वर्षांची शिक्षा घेऊन तेथे पोहोचले. वडील बंधू बाबाराव आधीपासूनच तेथे होते. निघण्यापूर्वी डोंगरीच्या तुरुंगात यमुनाबाईंची व तात्यारावांची भेट झाली ती गजांआडून. पुढची भेट घडावयास आठ वर्षे लोटली. १९१९ साली धाकटे बंधू नारायणराव यमुनाबाईंस घेऊन अंदमानास गेले, तेव्हा बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी बरोबर नव्हत्या. पतीच्या भेटीची वाट पाहता पाहताच त्या निवर्तल्या होत्या.

यावरून दादा म्हणत की हे क्षेत्र आहे, येथे डोके टेकवावे व परत यावे. आम्हांस मात्र उलट वाटू लागले. ज्या पाण्याने पतिपत्नींची ताटातूट केली, त्याच पाण्याच्या काठी आज आपली मुले निर्भयपणे हात धरून बसतात, यात त्या हुतात्म्यांचा अवमान कोणता? एकांत ही वस्तु स्वतः बरी नव्हे आणि वाईटही नव्हे. जो लादला जातो तो कारावास. जो आपल्या माणसाबरोबर आपण होऊन घेतला तो विसावा.

वाद असा लोंबकळत असता आमच्या मातोश्री, ज्यांनी पंच्याऐंशी वर्षे ओलांडली आहेत, मध्येच बोलल्या. त्यांचे शब्द जसेच्या तसे देतो. "अरे, पानशेतचा पूर आला तेव्हा तू वर्षाचा होतास. सासूबाई तुम्हां दोघांना घेऊन पर्वतीकडे गेल्या. आम्ही देव आणि कागदपत्रे माडीवर नेत होतो, तेवढ्यात जिना बुडाला. भोवती नुसते पाणी. वाडा मातीचा, केव्हा बसेल याचा नेम नाही. रात्रभर तुमचे वडील माझ्याशी बोलत होते. लहानपणचे सांगितले, नोकरीतला अपमान सांगितला, कधी किती रडलो ते सांगितले. पहाटे पाणी ओसरले. खाली माणसे आली. पुढे तीस वर्षांत ते तसे पुन्हा बोलले नाहीत. बोलायला जागाच कुठे होती?"

तो दिवस १२ जुलै १९६१. पुण्यातील हजारो कुटुंबांस तो सर्वनाशाचा दिवस म्हणून आठवतो, आणि आमच्या घरीही आजवर त्याची हकीकत गाळ, मोडलेली भांडी व भिजलेल्या पोथ्या यांचीच होती. माडीवरच्या त्या रात्रीचा उल्लेख आम्ही साठ वर्षांत प्रथमच ऐकला. ज्यांस आम्ही 'आई' व 'वडील' यांखेरीज दुसऱ्या रूपात कधी पाहिले नव्हते, ती दोन माणसे बाविशी-पंचविशीची होती आणि त्यांस एकमेकांशी बोलावयाचे होते, हे आमच्या मनात कधी आलेच नव्हते. आणि त्यांस तसे बोलावयास पेठ बुडावी लागली!

एकत्र कुटुंबाचे गुण आम्ही वर्गात चाळीस वर्षे निबंधास घातले आहेत व ते आम्ही मागे घेत नाही. दुखण्याबाणण्यात, मुलांच्या संगोपनात, म्हातारपणी त्याची सर कशास येणार नाही. परंतु त्याचा एक दोषही कबूल केला पाहिजे. त्याने नवराबायकोस सर्व काही दिले, एकमेकांशी बोलण्याचा निवांतपणा तेवढा दिला नाही. न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी रमाबाईंस लिहावाचावयास शिकविण्याचे काम रात्री, वरच्या खोलीत चाले, आणि त्याबद्दल घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांची बोलणी त्यांस दिवसा खावी लागत. हे रमाबाईंनीच आपल्या आठवणींत लिहून ठेविले आहे. रानड्यांसारख्यांच्या घरची ही कथा, मग इतरांची काय सांगावी? आपले पूर्वज कवी या बाबतीत आपल्याहून उदार होते. आदिकवीने चित्रकूटावर, मंदाकिनीच्या काठी रामास सीतेशी निवांत बोलते केले आहे. वनवास कैकेयीने दिला खरा. पण त्यातील ते दिवस त्या दोघांचे होते.

मातोश्रींच्या बोलण्यानंतर भाड्याचा विषय कोणी काढला नाही. दादांनी विमानाचे भाडे आपण देतो म्हणून सांगितले व एकच अट घातली: आधी कोठडीसमोर डोके टेकवा, मग कुटीत जा.

ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. मे महिन्यात तेथे पाऊस सुरू होतो. हवा निश्चिंत हवी तर जानेवारी ते एप्रिल हा काळ धरावा. वादळी वाऱ्यात बोटी बंद राहतात, म्हणून परतीच्या विमानाआधी एक-दोन दिवस मोकळे ठेवावेत. त्या समुद्रात मगरी आहेत. जेथे उतरू नये अशी पाटी असेल तेथे शहाणपणा दाखवू नये. आपल्या पुण्याच्या चौपट पाऊस तेथे पडतो, तरी पाणी चटकन समुद्रास मिळते आणि उन्हाळ्यात खुद्द पोर्ट ब्लेअरास पाण्याच्या पाळ्या लागतात. भाडे भरले म्हणून न्हाणीत पाणी वाहू देणे हे शेजाऱ्याच्या घागरीत हात घालण्यासारखे आहे. पाण्याखालील प्रवाळ हा दगड नव्हे, जीव आहे. समुद्र प्रमाणाबाहेर तापला की प्रवाळास पोसणारी सूक्ष्म शैवले त्यास सोडून जातात व तो पांढरा पडतो. २०१० साली अंदमानात असे मोठ्या प्रमाणावर घडले. त्यावर पाय देऊ नये, आणि आठवण म्हणून तुकडाही उचलू नये. कायद्यानेही ते वर्ज्य आहे.

चिरंजीव व सूनबाई फेब्रुवारीत जाऊन आली. बरोबर शिंपलाही आणला नाही. सूनबाईंनी आल्या आल्या मातोश्रींच्या पायाशी बसून सर्व हकीकत सांगितली, शेवटी म्हणाल्या, "आजी, कोठडी पाहताना मला सावरकरांपेक्षा येसूवहिनींचीच आठवण अधिक येत होती." मातोश्रींनी त्यांच्या पाठीवरून हात फिरविला.

या प्रकरणाचा आमच्या घरावर एक परिणाम झाला, तो सांगून लेखणी खाली ठेवतो. सर्वांनाच समुद्रबेटावर जाणे परवडणार नाही, आणि चार दिवसांचा विकत घेतलेला निवांतपणा जन्मभर पुरतही नाही. म्हणून आमच्या गच्चीवरील जी खोली रद्दी व लोणच्याच्या बरण्या यांनी भरली होती ती आम्ही रिकामी केली. तेथे दोन वेताच्या खुर्च्या ठेविल्या. घरातील ज्या जोडप्यास वाटेल त्याने सायंकाळी चहा घेऊन वर जावे आणि तासभर खालून कोणी हाक मारू नये, असा नियम ठरला. पहिल्या दिवशी कोण गेले म्हणाल? दादा व वहिनी!

आम्हीही जातो. पहिले दोन दिवस काय बोलावे हेच सुचेना. सौभाग्यवतींनी भाजीचे भाव सांगितले, आम्ही वर्तमानपत्रातील बातमी सांगितली. तिसऱ्या दिवशी त्यांनी १९९१ सालची एक गोष्ट काढली, जी आम्हांस इतक्या वर्षांत ठाऊक नव्हती. ती येथे छापण्याजोगी नाही. पण ती ऐकावयास आम्हांस पस्तीस वर्षे का लागली, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबप्रमुखाने आपल्या घरी एकदा विचारून पाहावा.