घरातील पाण्याची छुपी गळती : शोध आणि उपाय

पाणी हा आपल्या समाजाच्या इतिहासातील जिव्हाळ्याचा विषय आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सार्वजनिक पाण्यावरील आपला हक्क बजावला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या प्रकल्पाची आखणी त्यांच्या पुढाकाराने झाली. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी ते चंद्रपूरला आले आणि येथील जनसमुदायाला त्यांनी धम्मदीक्षा दिली. ज्यांच्या आजोबांना गावच्या विहिरीवर चढता येत नव्हते, त्यांच्या घरात आज नळ आला आहे. तेव्हा ते पाणी कोठे जाते याचा हिशेब ठेवणे हे आपले कर्तव्य ठरते.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत जंगल आहे, वैनगंगेसारखी मोठी नदी आहे, तरीही उन्हाळ्यात घागरभर पाण्याचे मोल कळते. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरणातील साठा आटल्यामुळे चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रातील संच बंद ठेवावे लागले होते. एवढ्या मोठ्या केंद्राची ही गत, तर आपल्या घरच्या टाकीची काय कथा!

हा लेख लिहिण्यास एक प्रसंग कारणीभूत झाला. एका विहाराच्या स्लॅबवर ५०० लिटरची टाकी आहे. संध्याकाळी भरलेली टाकी सकाळी निम्मी रिकामी दिसू लागली. रात्री कोणीतरी पाणी नेते, अशी कुजबुज सुरू झाली. विहारामागे राहणाऱ्या एका कुटुंबाकडे तेव्हा नळ नव्हता. संशय त्यांच्यावर गेला. घरातील बाईला कोणीतरी टोचून बोलले आणि ती वंदनेला येईनाशी झाली. पुढे आम्ही काही जणांनी बसून नीट तपासणी केली. पाणी कोणी चोरत नव्हते; ते आमच्याच संडासातील फ्लशच्या टाकीतून रात्रभर वाहत होते. आम्ही त्या ताईंच्या घरी जाऊन क्षमा मागितली.

रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात पेटलेला वाद आणि त्यातून सिद्धार्थाचा गृहत्याग बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात मांडला आहे. पाण्यावरून माणसे किती लवकर एकमेकांच्या विरोधात उभी राहतात, हे आपण तेथून शिकलो आहोत. ‘या आणि स्वतः पाहा’ हे धम्माचे सांगणे आहे. तेव्हा दोष देण्याआधी तपासणी करावी. ती कशी करावी, हे आमच्या विद्यार्थी मित्रांनाही समजेल अशा रीतीने येथे सांगत आहोत.

भिंत काय सांगते?

भिंतीला ओल येणे, चुन्याचे पोपडे सुटणे, फरशीखाली पोकळ आवाज येणे, दाराच्या चौकटीला वाळवी लागणे, अंगणात एकाच जागी गवत हिरवे राहणे, पंप वारंवार सुरू करावा लागणे, ही छुप्या गळतीची लक्षणे होत. कित्येक सुशिक्षित घरांतसुद्धा अशा वेळी वास्तुदोष शोधला जातो. कारणाशिवाय कार्य घडत नाही, हे आपण मानतो. म्हणून ओलीचेही कारणच शोधले पाहिजे.

पावसाळ्यात वाढणारी आणि उन्हाळ्यात वाळणारी ओल बहुधा छताची किंवा बाहेरच्या भिंतीची असते. परंतु चंद्रपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर गेला असतानाही भिंत ओली राहिली, तर आत पाइप गळत असल्याची शंका घ्यावी. न्हाणीघराला लागून ओल असेल तर दोन-तीन दिवस तेथे आंघोळ बंद ठेवून पाहावे, पण नळाचा पुरवठा चालू ठेवावा. ओल कमी झाली तर दोष मोरीच्या किंवा फरशीच्या सांध्यांत आहे. कमी झाली नाही तर नळाच्या पाइपात असण्याचा संभव अधिक.

तपासणीचे दोन भाग

आपल्याकडे नळ बहुधा दिवसातून काही वेळच येतो. त्यामुळे घरातील नळयोजनेचे दोन भाग पाडून तपासणी करावी : रस्त्यापासून टाकीपर्यंतचा पहिला आणि टाकीपासून तोट्यांपर्यंतचा दुसरा. पहिल्या भागात पाणी फक्त नळ येतो तेव्हा दाबाने वाहते. दुसऱ्यात ते चोवीस तास भरलेले असते. म्हणून सतत होणारी गळती बहुधा दुसऱ्या भागात सापडते. तेथूनच सुरुवात करावी.

टाकीची रात्रीची परीक्षा

रात्री सर्वांची कामे आटोपल्यावर घरातील सर्व तोट्या बंद कराव्यात. टाकीत पाणी येण्याचा मार्गही बंद करावा, नाहीतर मध्येच भर पडून हिशेब चुकेल. एक काठी टाकीत उभी धरून पाण्याच्या पातळीवर खूण करावी. पहाटे कोणी पाणी वापरण्यापूर्वी पुन्हा मोजावे. पातळी तीच असेल तर दुसरा भाग निर्दोष समजावा.

पातळी उतरली असेल तर हिशेब सोपा आहे. एक मीटर लांब व एक मीटर रुंद हौदात पातळी एक सेंटिमीटर उतरली म्हणजे १० लिटर पाणी गेले. ९० सेंटिमीटर व्यासाच्या गोल टाकीत तेवढ्याच उतारात सहा लिटरांहून थोडे अधिक जाते. उघड्या हौदाचे मात्र उन्हाळ्यात बाष्पीभवनही होते. म्हणून त्याच्या शेजारी पाण्याने भरलेली बादली उघडी ठेवावी आणि तिच्यातील पाणी किती उतरले तेही मोजावे. हौदाची पातळी बादलीपेक्षा बरीच जास्त उतरली, तरच गळती समजावी.

आता गळती कोणत्या फाट्यावर आहे ते शोधायचे. टाकीखालचे सर्व कॉक बंद ठेवून एक रात्र मोजावे. तरीही पाणी उतरले तर टाकीच किंवा तिचा सांधा गळतो आहे. उतरले नाही तर दुसऱ्या रात्री फक्त स्वयंपाकघराचा कॉक उघडा ठेवावा, तिसऱ्या रात्री फक्त न्हाणीघराचा, चौथ्या रात्री फक्त संडासाचा. ज्या रात्री पाणी उतरेल, तो फाटा दोषी. चार रात्रींच्या या कामाला एक काठी आणि एक वही पुरते.

फ्लशची टाकी

संडासातील फ्लशची टाकी गळते तेव्हा आवाज फारसा होत नाही आणि पाणी थेट भांड्यातून निघून जाते, म्हणून ही गळती सर्वांत फसवी. टाकीत थोडी नीळ घालून अर्धा तास फ्लश करू नये. भांड्यात निळे पाणी उतरले, तर तळाचा रबरी वायसर खराब झाला आहे किंवा पाणी वरच्या जादा पाण्याच्या नळीतून जाते आहे. पाणी त्या नळीच्या तोंडापर्यंत चढत असेल तर बॉल-कॉकचा गोळा थोडा खाली करावा. तसे नसेल तर वायसर बदलावा. विहारात वायसरच झिजला होता.

ठिबकणाऱ्या तोटीलाही कमी लेखू नये. तिच्याखाली तासभर पेला ठेवावा. तासाला १५० मिलिलिटर जमले तर दिवसाला साडेतीन लिटरांहून अधिक आणि वर्षाला १,३०० लिटरांहून अधिक पाणी गेले.

रस्त्यापासून टाकीपर्यंत

नळाला मीटर असेल तर नळ आलेला असताना टाकीच्या तोंडाचा कॉक व इतर सर्व तोट्या बंद कराव्यात आणि मीटरवरील लहान चक्रीकडे पाहावे. पाणी कोठेच घेतले जात नसताना चक्री फिरत असेल, तर मीटरच्या पुढे जमिनीखाली गळती आहे. मीटर नसेल तर शांत वेळी लोखंडी सळईचे एक टोक पाइपावर आणि दुसरे कानाजवळ धरावे. गळतीच्या जागी सूं-सूं आवाज वाढतो. वरोरा, भद्रावती भागातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्या ओढाताणीत पाइपाचे सांधे निखळतात. तेथे सांध्यांवर विशेष लक्ष ठेवावे.

हा प्रश्न आरोग्याचाही आहे

नळ बंद होताच पाइप रिकामा होऊ लागतो आणि आत पोकळी निर्माण होते. ज्या छिद्रातून पाणी बाहेर जात होते, त्याच छिद्रातून आता बाहेरचे पाणी आत ओढले जाते. पाइप गटारातून किंवा नालीलगत गेला असेल तर कावीळ, हगवण, विषमज्वर यांना घरात वाट मिळते. नळाला सुरुवातीचे पाणी गढूळ किंवा वासाचे येत असेल तर ते पिऊ नये. पाइप दुरुस्त होईपर्यंत पाणी उकळूनच वापरावे व पुरवठा करणाऱ्या कार्यालयात लेखी तक्रार द्यावी.

काय स्वतः करावे, काय करू नये

वायसर बदलणे, सांध्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळणे, बॉल-कॉक सारखा करणे ही कामे थोडे शिकून घरी करता येतात. मुलींनाही ती जरूर शिकवावीत. परंतु ओल विजेच्या बोर्डापर्यंत पोहोचली असेल तर त्या भिंतीला हात लावू नये. मेन स्विच कोरड्या जागी व हाताशी असेल तर तो बंद करावा, नसेल तर दूर राहावे आणि जाणकार वीज कारागिराला बोलवावे. भिंत फोडण्यापूर्वी वर सांगितलेली परीक्षा करून दोषी फाटा नक्की करावा. त्यामुळे सगळी भिंत फोडावी लागत नाही आणि मजुरीही वाचते.

आमची सूचना अशी आहे की, प्रत्येक विहारात वर्षातून दोनदा, उन्हाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, विद्यार्थ्यांनी ही तपासणी करावी आणि तिची नोंद वहीत ठेवावी. विहारात हात बसला की तेच विद्यार्थी आपल्या आणि शेजाऱ्यांच्या घरीही हे काम करतील. त्या ताई आता पुन्हा वंदनेला येतात. रात्रीची मोजणी सुरू झाली तेव्हा टाकीत काठी धरायला त्यांचाच मुलगा पुढे आला होता.

जय भीम! नमो बुद्धाय!